कुड्याच्या शोधात : नागोठणे ते रोहा

ग्रीष्म ऋतूत व्यायाम वर्ज्य असल्याचे आपण प्रत्येक जण रुग्णाला सांगत असतो. सूर्य जगताचा स्नेहांश शोषून घेत असतो, देहाचे बल क्षीण झालेले असते. म्हणून मधुर, शीत, द्रव आणि स्निग्ध अन्नपान घ्यावे, लवण-कटू-अम्ल टाळावे, दुपारी थंड घरात निजावे, उन्हात हिंडू नये. ऋतुचर्येचा हा पाठ आपल्याला मुखोद्गत असतो. 2024 च्या मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी आणि माझे एक ज्येष्ठ स्नेही हा सारा उपदेश बासनात गुंडाळून नागोठण्याहून रोह्यापर्यंत डोंगरवाटेने पायी गेलो. स्नेही रोहे तालुक्यात एक लहानशी फार्मसी चालवितात. सूर्योदयाला निघालो, ते दिवेलागणीला रोह्यात पोहोचलो. या अविचाराचे कारण सांगणे भाग आहे.

2023 साली श्रावण अधिक आला होता, त्यामुळे गणपती सप्टेंबरात लांबले होते. पेणच्या गणपती कारखान्यांतून त्या वर्षी काम बरेच दिवस चालले. त्याच सुमारास रंगकाम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. उदरशूळ, कुंथून होणारी सरक्त-सकफ मलप्रवृत्ती, अरुची. प्रवाहिकेचे निदान करण्यास फारशी बुद्धी लागली नाही. कुटज हे अशा अवस्थेतील माझे पंधरा-सोळा वर्षांचे विश्वासू द्रव्य. सालीचे चूर्ण आणि क्वाथ दोन्ही दिले, पथ्य सांगितले. चौथ्या दिवशी उपशय नव्हता, सातव्या दिवशी तरुण जवळजवळ उचलून आणावा लागला. जीभ कोरडी, नाडी क्षीण. त्याला तातडीने रुग्णालयात पाठविले, तो वाचला. परंतु हंगामाचे शेवटचे तीन आठवडे त्याच्या हातून गेले, आणि कारखान्यातील माणसाची वर्षाची मिळकत त्याच तीन आठवड्यांत असते.

रात्री दवाखाना बंद करताना कुटजचूर्णाच्या बरणीत बोट बुडवून मी ते जिभेवर ठेवले. किंचित तुरट लागले, कडू म्हणावे असे काही नव्हते. ज्या द्रव्याची ओळखच तिक्त रसाने करून दिली जाते, त्याची चव मी किती वर्षांत घेतली नव्हती, याचा हिशेब केला आणि तो मलाच सांगवला नाही. साल माझ्याच या स्नेह्यांकडून आलेली होती. त्यांना दूरध्वनी केला तेव्हा ते म्हणाले, "वैद्यराज, माल नेहमीच्याच व्यापाऱ्याचा आहे, कागदपत्र चोख आहेत." त्यात खोटे काहीच नव्हते. अखेर उन्हाळ्यात कुडा फुलला की झाडापाशीच जाऊन पाहायचे, असे आमचे ठरले. ते ठरविण्यातही थोडी भांडणाची धार होती, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

पहिल्या एस.टी.ने नागोठण्यास उतरलो. अंबा नदीवरील निजामशाही काळातील दगडी पुलाजवळ क्षणभर थांबलो. येथवर भरतीचे पाणी चढते. एकेकाळी धरमतरच्या खाडीतून गलबते भरतीबरोबर नागोठण्याच्या धक्क्याला लागत. मागे पेट्रोकेमिकल कारखान्याच्या चिमण्या, पुढे सह्याद्रीपासून सुटून समुद्राकडे आलेली डोंगररांग. अंबेचे खोरे आणि कुंडलिकेचे खोरे या दोहोंमध्ये ही रांग आडवी पडली आहे आणि रोह्याची सडक भिसे खिंडीतून ती ओलांडते. आम्ही सडक फार वेळ धरली नाही. खिंडीच्या परिसरातील एका कातकरी वाडीवरचे एक वृद्ध गृहस्थ आमच्याबरोबर येणार होते. त्यांना आम्ही बाबा म्हणत होतो. वय त्यांना ठाऊक नव्हते; "सत्तरीच्या फुडं" एवढेच म्हणाले. कमरेला कोयता, खांद्यावर पंचा, पायांत रबरी चप्पल. आमच्या पायांत बूट होते, पाठीवर पिशव्या होत्या. दोन तासांनी कोण दमले होते, ते सांगावयास नकोच.

वाडीच्या वरचा माळ वणव्याने काळा झालेला होता. उन्हाळ्यात या डोंगरांना लागणारा वणवा ही आता दरवर्षीचीच गोष्ट झाली आहे. जळलेल्या गवतातून भुईचाफ्याची फुले तेवढी वर आलेली. राबासाठी डहाळ्या तोडून बोडके केलेले ऐन हात वर करून उभे असल्यासारखे दिसत होते. बहाव्याचे पिवळे घोस, करवंदांनी काळ्या झालेल्या जाळी आणि दूर कुठेतरी 'पेर्ते व्हा' म्हणून सांगणारा पावशा. आणि माळाच्या कडेने, जेथून रान सुरू होते तेथे, पांढऱ्या फुलांनी भरलेला कुडा. एक नव्हे, पंचवीस-तीस झाडे असतील. सुगंध वाऱ्यावर येत होता. मला भरून आले. म्हटले, पाहा, द्रव्य कसे मुबलक आहे.

बाबांनी विचारले, "डॉक्टर, यातला औषधाचा कंचा?"

प्रश्न ऐकून मी दचकलो. दोन-तीन झाडांकडे पाहून, जे अधिक डवरलेले होते त्याकडे मी बोट दाखविले. बाबा हसले नाहीत. कोयत्याच्या टोकाने त्यांनी फांदीची नखाएवढी साल काढली आणि माझ्या हातावर ठेवली. मी चावली. तुरट, चिकट चीक, कडूपणा नावापुरता. मग दहा पावलांवरच्या दुसऱ्या झाडाची दिली. ती चावताच तोंड आवळले; तो कडूपणा करवंदे खाल्ली, पाणी प्यायलो, तरी अर्धा तास जिभेवरून हलला नाही. पहिला काळा कुडा, दुसरा पांढरा. बी.ए.एम.एस.च्या द्रव्यगुण प्रात्यक्षिकात दोन्हींची वाळलेली पाने माझ्या हर्बेरियम फाइलमध्ये चिकटविलेली होती. ती फाइल मी एका वरिष्ठ विद्यार्थ्याकडून विकत घेतली होती, हेही येथे सांगून टाकतो. आपल्यातील पुष्कळांना त्यात नवल वाटणार नाही.

या दोन वृक्षांतील भेद पुस्तकात वाचणे आणि झाडाखाली उभे राहून समजणे यांत फार अंतर आहे. पांढऱ्या कुड्याचे, म्हणजे होलॅऱ्हीनाचे, पान मोठे आणि रुंद. फुलाच्या नळीत पुंकेसर लपलेले, वरून दिसत नाहीत. शेंगा जोडीने येतात, वीतभराहून लांब, बारीक, आणि दोन्ही शेवटपर्यंत मोकळ्या लोंबतात. काळ्या कुड्याचे, राइटियाचे, पान लहान व निमुळते. फुलाच्या मध्यभागी पांढरी झालर आणि तीतून पुंकेसरांचा शंकू बाहेर डोकावलेला. त्याच्याही शेंगा जोडीनेच, पण टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. बाबा त्यांना "हात धरलेल्या" शेंगा म्हणत. पान वाळले की निळसर काळे पडते, म्हणून काळा. इंद्रजव दोन्हींचे मिळतात. कडू ते पांढऱ्याचे, गोडे ते काळ्याचे. काळा कुडा टाकाऊ आहे असेही नव्हे. दक्षिणेकडील सिद्ध वैद्यकात त्याच्या पानांचे तेल त्वग्विकारांत मोठ्या आदराने वापरले जाते. मात्र प्रवाहिकेत पांढऱ्याचे काम काळ्याकडून होत नाही. चरकाने कल्पस्थानात वत्सकाचे पुरुष आणि स्त्री असे दोन भेद सांगितले आहेत: पुरुष जातीचा मोठ्या फळाचा, श्वेतपुष्पी, स्निग्धपत्री, स्त्री जातीचा श्याम-अरुण पुष्पांचा आणि बारीक फळांचा. त्यातील स्त्री कुटज म्हणजे काळा कुडा की तांबडा, यावर विद्वानांनी वाद घालावा. जिभेचा निर्णय माझ्यापुरता पक्का झाला होता.

ही चूक आपल्याच काळातली आहे असे मात्र नाही. कुड्याची साल 'तेलिचेरीची साल' या नावाने युरोपात एके काळी गेली होती आणि तेथे अतिसारावर नावाजली गेली होती. पुढे तिची कीर्ती ओसरली. काळ्या कुड्याची निष्प्रभ साल तिच्यात मिसळून जाऊ लागली, हे त्या अपकीर्तीचे एक कारण जुन्या वनौषधी-ग्रंथांतून सांगितले जाते. द्रव्य तेच राहिले, गोणीत मात्र दुसरेच आले, आणि दोष द्रव्याच्या नावावर पडला. माझ्या त्या रंगारी रुग्णाने घरी जाऊन काय सांगितले असेल? "आयुर्वेदाने गुण आला नाही," एवढेच ना?

रानात थोडे आत गेल्यावर सोललेली झाडे दिसली. बुंध्याची साल छातीच्या उंचीपासून जमिनीपर्यंत सगळीकडून तासलेली, आतले लाकूड उन्हाने भेगाळलेले. सात झाडे मी मोजली. त्यांतील चार काळ्या कुड्याची होती. माझे स्नेही बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "बाबा, हे कोणी केले?"

"मीच केलं. गेल्या साली, आनि त्याच्या आदल्या साली. टेम्पो येतो खाली सडकेला. वजनावर पैसे."

"पण काळ्याची साल कशाला काढली?"

"मी बोल्लो त्याला, ह्यो नाय चालत औषधाला. तो बोल्ला, दोन्ही टाक, वजन होऊं दे, वर कोन चाखून बघतो?"

'वर' म्हणजे कोठे, ते आम्हा दोघांनाही कळले. बाबांच्या स्वरात आरोप नव्हता. पाऊस पडतो, ऊन पडते, तसे त्यांनी सांगितले. गोणीभर सालीचे त्यांना जे मिळत होते, ते एका दिवसाच्या मजुरीइतकेही नव्हते. स्नेह्यांनी आकडा ऐकला आणि स्वतः किती दर मोजतात, ते बोलून दाखविले नाही. मीही विचारले नाही.

येथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सालीचा संग्रहकाल शरद ऋतू, असे आपले शास्त्र सांगते. मुळांचा ग्रीष्म किंवा शिशिर. मग ही साल मे महिन्यात का निघते? बाबांकडे याचे उत्तर होते आणि ते अगदी सरळ होते. शरदात भातकापणी असते. दिवाळी उरकली की वाडीतील निम्म्याहून अधिक घरे वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात, उचल घेतलेली असते ती फेडावयाची असते. माणसे परततात ती उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाळ्याच्या भरणीसाठी हाती पैसे नसताना. तेव्हा जे मिळेल ते काढावयाचे. म्हणजे आपल्या औषधाचा संग्रहकाल आता ऋतूवर ठरत नाही, भट्टीच्या हिशेबावर ठरतो. शार्ङ्गधराच्या कुटजारिष्टात तर मूळत्वक् सांगितली आहे. ती आज कोणी मागितलीच, तर अख्खे झाड उपटावे लागेल. व्यवहारात खोडाच्या सालीवरच काम चालते, हे एका परीने बरेच आहे.

दुपार झाली तसे ऋतुचर्येने आपला सूड उगवला. स्नेह्यांना भ्रम झाला, डोळ्यांपुढे अंधारी आली. बाबांनी त्यांना जांभळीच्या दाट सावलीत निजविले, कोरड्या ओढ्याच्या पात्रातील वाळू हातांनी उकरून डवरा केला, पाणी निवळेपर्यंत वाट पाहिली आणि पंचा भिजवून कपाळावर ठेवला. माझ्या पिशवीत कोकमाचे सरबत होते, ते घोटघोट पाजले. पाऊण तासाने ते उठून बसले आणि म्हणाले, "सर्टिफिकेटवर विसंबलो, वैद्यराज." उन्हाविषयी बोलत नव्हते ते.

'शेड्यूल टी' 2000 साली अधिसूचित झाले. कच्च्या मालाची परीक्षा करून तिची नोंद ठेवणे औषधनिर्मात्यावर बंधनकारक झाले. आपल्यापैकी बहुतेक जण नोंद ठेवतात. परीक्षेचे काय, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की, वनस्पती नामरूपाने ओळखतात ते शेळ्या-मेंढ्या आणि गाई राखणारे व इतर वनवासी. हे वचन आपण सभांतून सांगतो. पण ते पुढे असेही म्हणतात की, केवळ नाम आणि रूप जाणल्याने औषधाचा पूर्ण अधिकार येत नाही; योगज्ञान हवे. मला वाटते, आपण दुसरा भाग घट्ट धरला आणि त्याच्या आधारे पहिल्या भागातील माणसांना गोणीच्या पलीकडे ठेवले. कातकरी हे नावच मुळी काताशी जोडले जाते. खैराच्या गाभ्यापासून काढलेला कात, आपला खदिरसार, हा त्यांचा जुना उद्योग. इंग्रजी अमदानीतील जंगलबंदीने तो हातचा गेला. ज्या समाजाच्या नावातच एक औषधद्रव्य आहे, त्यातील माणसाला आम्ही केवळ 'तोडणारा' समजत होतो. वनहक्क कायद्याने 2006 साली गौण वनोपजावरचा वनवासींचा अधिकार मान्य केला; औषधी वनस्पतीही त्यात येतात. कागदावर बाबा आता मालक आहेत. टेम्पोवाल्याला तसे कोणी सांगितलेले दिसत नाही.

ऊन कलल्यावर अवचितगडावर चढलो. गडाभोवतीचे रान अजून दाट आहे. पायवाटेवर पानांचा खच, मधूनच वावडिंगासारख्या वेली. येथे मी नाव घेण्याचा मोह टाळला, कारण सकाळपासूनचा माझा लौकिक बरा नव्हता. वर बारा कोनांचा देखणा तलाव आहे, काही तोफा आहेत, महादेवाचे देऊळ आहे. तटावरून खाली कुंडलिकेचे पात्र दिसते. मे महिन्याच्या अखेरीस कोकणातील नद्यांची हाडे दिसू लागतात, पण ही वाहत असते. कारण ते पाणी मुळात तिचे नव्हे. मुळशीच्या धरणातील पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येते आणि कुंडलिकेत सुटते; हे 1927 पासून चालू आहे. त्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या, 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तो इतिहास आपणांस ठाऊक आहे. वाग्भटाने पश्चिमसमुद्राकडे वेगाने जाणाऱ्या स्वच्छ पाण्याच्या नद्या पथ्यकर म्हटल्या आहेत. आणि त्याच प्रकरणात सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या कुष्ठ-पांडू-शिरोरोग करतात व अपरान्तातील नद्या अर्श करतात, असेही सांगितले आहे. मुळेचे पाणी स्वभावतः भीमेतून पूर्वसमुद्राला जाणारे; ते डोंगर फोडून पश्चिमवाहिनी झाले. त्याला शास्त्रकारांनी कोणत्या वर्गात घातले असते? खाली धाटावच्या औद्योगिक वसाहतीचा धूर दिसत होता. त्याचा उल्लेख त्यांच्या ग्रंथात असण्याचे कारण नव्हते.

पिंगळसईच्या बाजूने उतरताना बाबांनी एका पांढऱ्या कुड्यापाशी आम्हांस थांबविले. कोणी तरी चार-पाच वर्षांपूर्वी तो गुडघ्याएवढा ठेवून तोडला होता. बुंध्यातून सहा-सात फुटवे मनगटाएवढे झालेले. "बुंधा तासला का झाड मरतं," ते म्हणाले, "असा तोडला का फुटतं. फांदीची साल घ्या, दोन फुटवे ठेवा. पर त्याला टाइम लागतो, आनि दर पायजे." फार्मसी चालविणाऱ्या वाचकांनी या वाक्याचा शेवटचा भाग पुन्हा वाचावा, ही विनंती. स्नेह्यांनी तेथेच विचारले, की केवळ पांढऱ्याची, फांदीची, कार्तिकात काढलेली साल थेट त्यांच्याकडे आणून दिली तर काय दर घ्याल? बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कार्तिकात मी भट्टीवर असतो." उचल किती घेतली आहे, हे विचारण्यास स्नेह्यांना आणखी एक किलोमीटर चालावे लागले. आकडा फार्मसीच्या एका महिन्याच्या वीजबिलाहून कमी होता. पुढे त्यांच्यात काय ठरले, तो त्यांचा व्यवहार आहे. ठरले, एवढे मला ठाऊक आहे.

रोहे गावात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. चिंतामणराव देशमुखांचे हे गाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांना सारे ओळखतात. केंब्रिजमध्ये त्यांनी पारितोषिक मिळविले होते ते मात्र वनस्पतिशास्त्रात, 1917 साली. हे मी स्नेह्यांना सांगितले. एरवी ते कौतुकाने काही बोलले असते. त्या संध्याकाळी ते म्हणाले, "आधी गोदामात जाऊ."

गोदामात कुटजाच्या पाच गोण्या होत्या. आम्ही प्रत्येक गोणीतून वरची, मधली आणि तळाची साल काढली. दिवसभराच्या कडूपणाने जीभ शिणली होती. दर वेळी चूळ भरून, थोडा गूळ खाऊन पुन्हा चाखावे लागे. दोन गोण्या चांगल्या निघाल्या. दोहोंत मिश्रण होते. एक गोणी वरपासून तळापर्यंत काळ्याचीच होती. तिच्यावर जे लेबल होते तेच इतर चारींवरही होते.

स्नेह्यांनी गोणीचे तोंड बांधले आणि भिंतीशी मांडलेल्या संधानाच्या पिंपांकडे पाहत उभे राहिले. त्यांतील दोन पिंपांत मार्च महिन्यात घातलेले कुटजारिष्ट होते, गाळून बाटल्यांत भरण्याच्या बेतास आलेले. कोणत्या गोणीतील साल त्यात गेली होती, याची नोंद वहीत होती. वही त्यांनी काढली, चष्मा लावला, पान उलटले. मग खडू घेऊन दोन्ही पिंपांच्या झाकणांवर फुली मारली. मला म्हणाले, "तुमच्या त्या रंगाऱ्याचा पत्ता द्या." मी चिठ्ठीवर लिहून दिला, आणि पेणकडे जाणारी शेवटची गाडी गाठण्यासाठी स्टेशनकडे निघालो.